संध्याकाळची उचल

माझा भाऊ गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर आमच्या घरी आले. केडगावला स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचं घर. साहेबांनी दाराबाहेर बूट काढले, चटईवर मांडी घातली, अब्बांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चाचा, पोरगं सोन्यासारखं होतं. पण त्या दिवशी जरा बेसावध राहिलं. वजन लटकत असताना खाली उभं राहायला नको होतं त्यानं."

अब्बांनी मान हलवली. त्यांनी सगळी नोकरी रेल्वेत गँगमन म्हणून काढली होती. रुळावर कुणी सापडलं की त्यांच्या गँगमध्ये पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच असायचा, "हुता कुठं उभा?" नको तिथं उभा असला तर चूक त्याची, बोलणं संपलं. साहेबांनी त्यांना त्यांच्याच हिशेबातलं उत्तर आणून दिलं होतं.

मी आतल्या खोलीच्या पडद्यामागे होते. मला रडू आलं नाही. तो आवाज तेवढा पाठ झाला.

भाऊ न्हावऱ्याच्या बाहेर माळावर एका काँक्रीटच्या कारखान्यात होता. घरात आम्ही त्याला भाई म्हणायचो. आई लवकर गेली, त्यामुळे मला शाळेत घालण्यापासून सिव्हिलचा डिप्लोमा होईपर्यंत सगळं त्यानंच पाहिलं. कारखाना म्हणजे एक शेड आणि बाकी उघडं आवार. लोखंडी फर्म्यांत काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की फर्मा सोडवायचा, आणि तयार झालेले स्लॅब, गटाराची झाकणं, कुंपणाचे खांब ट्रकमध्ये घालून पाठवायचे. सकाळी भरलेला स्लॅब दुसऱ्या सकाळपर्यंत फर्म्यातच राहू द्यावा, हे तिथं पाणी मारणाऱ्या बायकांनासुद्धा माहीत होतं. पण फर्मे थोडे होते आणि साहेबांना घाई होती. त्यांनी एक रीत पाडली. सकाळी भरलेलं त्याच दिवशी संध्याकाळी उचलायचं, फर्मा मोकळा करायचा आणि लगेच पुन्हा भरायचा. लवकर आवळावं म्हणून मिश्रणात सिमेंट जास्तीचं ओतायचं. याला सगळे 'संध्याकाळची उचल' म्हणत. डेअरीवर दूध घालायची वेळ जशी ठरलेली, तशी ही ठरलेली. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालं होतं.

स्लॅब उचलण्यासाठी त्यात लोखंडी कड्या पुरलेल्या असतात. काँक्रीट कच्चं असेल तर कडी मुळापासून उपटून येते, हिरडीतून दात यावा तशी. त्या संध्याकाळी एक कडी आली. भाई स्लॅबच्या खाली नव्हता. बाजूला उभा राहून दोरीनं त्याला वळण देत होता, हेच त्याचं काम होतं आणि हीच त्याची जागा. स्लॅब एका अंगाला झोकांडला आणि त्या जागेवर येऊन पडला.

यात गुपित काहीच नव्हतं. क्रेन चालवणारा न्हावऱ्याचाच माणूस, तो भाईच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी घरी आला आणि उंबऱ्यात उभा राहूनच बोलला, "ताई, म्या म्हणलं हुतं कच्चा हाय म्हून. सायेब म्हनले, तू उचल. म्या उचलला." मी त्याला तसाच अब्बांसमोर नेला. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं.

"क्रेनवर तू हुतास," ते म्हणाले. "तू असंच म्हणनार. सोताच्या अंगाव कोन घेतं बाबा?"

तो गेल्यावर मी बोलले, तर मला म्हणाले, "तू बहीण हायेस. तुला तसंच दिसनार. एवढा मोठा मानूस, घरी येऊन, हातात हात घिऊन सांगून गेला. त्यो खोटं कशापायी बोलंल?"

म्हणजे ही गोष्ट अब्बांना एकाच तोंडून पटणार होती. ते तोंड मला उघडायचं होतं. दुसरं काही मला त्या वर्षांत हवं होतं असं आठवत नाही.

रोज संध्याकाळी अब्बा स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसत. जुने गँगमन, एक न्हावी, शेवंतीचं शेत असलेले एक आप्पा, अशी त्यांची बैठक. कुणी नवीन माणूस विचारायचा, पोरगा कसा गेला हो? अब्बा सांगायचे, "हुशार हुतं. पर बेसावध." हे ते रागानं म्हणायचे. बाप मेलेल्या मुलावर असा रोज रागावतो, हे घरात बसून मला ऐकू यायचं नाही, पण दिसायचं. फातेहाच्या दिवशीसुद्धा दुआचे हात खाली घेतल्यावर पुटपुटायचे, "हुबं कुठं ऱ्हावं येवढं कळू न्हाई?"

कंपनीनं घरातल्या एकाला नोकरी देऊ केली. मी घेतली. मोहल्ल्यात बोललं गेलं की भावाच्या रक्ताची भाकरी खाते. मी बोलू दिलं. चौफुल्यावरून न्हावऱ्याची एसटी मिळायची; पारगावचा पूल येईपर्यंत पुस्तक वाचायचं, पूल आला की मिटायचं, कारण तिथून पुढं मला काही दिसायचं नाही, फक्त ते आवार.

मला चाचणीच्या खोलीत बसवलं. रोजच्या काँक्रीटचे ठोकळे पाडून ठेवायचे आणि ठरल्या वेळी यंत्रात फोडून ताकद बघायची. यंत्राचा दाब एकसारखा, हळूहळू वाढवावा लागतो. एकदम झटका दिला तर ठोकळा फुटतो, पण मोजमाप खोटं निघतं. मी हे काम मन लावून शिकले.

साहेब माझ्याशी चांगलेच वागायचे. ईदला मला लवकर सोडायचे, गौरीगणपतीचे लाडू पुड्यात बांधून द्यायचे. "चाचा कसे आहेत?" असं दर सोमवारी विचारायचे. मी म्हणायचे, "बरे आहेत." त्यांच्या चांगुलपणाचा मला जेवढा राग यायचा तेवढा त्यांच्या वाईटपणाचा कधी आला नाही. वाईट वागले असते तर मला भांडता आलं असतं.

त्या काळात सोलापूर रस्त्याचं रुंदीकरण जोरात होतं आणि आमच्या कारखान्याला एका मोठ्या ठेकेदाराचं काम मिळायची शक्यता झाली. ठेकेदाराची अट होती: उधळपट्टी कमी करा, सिमेंट कमी, पाणी कमी, मोडतोड कमी. त्यासाठी त्यांनीच पुण्याहून एक प्रशिक्षक पाठवला. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा गृहस्थ. उधळपट्टी छाटायच्या या पद्धतीला तो इंग्रजीत 'लीन' म्हणायचा.

पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला शेडमध्ये बसवलंच नाही. सगळ्यांना मागच्या कुंपणापाशी नेलं. तिथं मोडक्या स्लॅबांचा ढीग होता, बाभळीच्या शेंड्यांना टेकलेला, ओढ्यात घरंगळत गेलेला. शेजारच्या कांदेवाल्याची रोज तक्रार, तुमचं सिमेंटचं पाणी माझ्या वाफ्यात येतं. प्रशिक्षकानं ढिगाकडे हात केला आणि विचारलं, "तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, माहीत आहे? हा. सगळा माल यालाच जातो."

माणसं हसली. साहेब हसले नाहीत, पण वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

पुढं कामं सुरू झाली. वाळू-खडी मिक्सरजवळ आली, त्यामुळे डोक्यावरच्या घमेल्यांची फिरती थांबली. मिक्सर धुतलेलं पाणी टाक्यांमध्ये निवळवून पुन्हा वापरायला लागलो. स्लॅबवर ओली गोणपाटं आली. "आता पान्यालाबी हजेरी लागली," असं पाणी मारणाऱ्या बायका म्हणायच्या. मी प्रशिक्षकाच्या मागेपुढे असायचे, त्यानं दिलेलं वाचून काढायचे, जादा थांबायचे. त्याला वाटलं मुलीला निसर्गाची तळमळ आहे. एकदा तसं म्हणालाही. मी मान खाली घातली. मला नद्या वाचवायच्या नव्हत्या, एक माणूस बुडवायचा होता.

आणि त्याचा रस्ता त्या प्रशिक्षकानंच मला दाखवला. आमच्याकडे काही बिघडलं की मिटिंग व्हायची आणि ती एका माणसाच्या नावावर थांबायची. कुणी केलं? अमक्यानं केलं. झापा त्याला. चहा सांगा. प्रशिक्षक म्हणाला, हीच तुमची खरी चूक. नाव आलं की तुम्हाला वाटतं उत्तर आलं. उत्तर तिथून पुढं असतं. काही बिघडलं की 'का' विचारायचं. जे उत्तर येईल त्याला पुन्हा 'का'. असं निदान पाचदा. उत्तरात माणसाचं नाव आलं तर ते खोडायचं आणि काम करायच्या पद्धतीत शिरायचं.

मी ऐकत होते आणि मला चटई दिसत होती, साहेबांनी घातलेली मांडी दिसत होती. माझ्या भावाच्या वाट्याला एकच 'का' आला होता. तो का मेला? बेसावध होता म्हणून. तिथं थांबून सगळ्यांनी चहा घेतला होता.

साहेबांना ही पद्धत फार आवडली. नाव घ्यायचंच नाही म्हटल्यावर कुठल्याही वरिष्ठाला आवडेल. ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत फिरायचे, "नाव नको, पद्धत सांगा." मी वाट बघत राहिले. ढीग कमी होत होता, पण संध्याकाळची उचल चालूच होती. तिच्याबद्दल कुणी 'का' विचारलेला नव्हता. ती रीत होती.

मग एका संध्याकाळी पुन्हा एक कडी उपटून आली. कुणाला लागलं नाही. स्लॅब फर्म्यावरच आपटला आणि फुटला. प्रशिक्षकाचा नियम असा, की जिथं घडलं तिथंच उभं राहून बोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुटलेल्या स्लॅबभोवती सगळे गोळा झालो. ठेकेदाराचे दोन इंजिनिअरही पाहणीला आलेले होते. प्रश्न विचारायची पाळी दर वेळी वेगळ्याची असायची. त्या दिवशी मी म्हणाले, मी विचारते.

"कडी का निघाली?"

"ऑपरेटरनं झटका दिला," साहेब म्हणाले.

"नाव नको, साहेब," प्रशिक्षक म्हणाला. साहेबांनी हसून कानाला हात लावला.

"काँक्रीट कच्चं हुतं," क्रेनवाला म्हणाला.

"कच्चं असताना का उचललं?"

"फर्मा मोकळा करायला," साहेब म्हणाले.

"फर्मा का मोकळा करायचा?"

"दुसऱ्यांदा भरायला. ऑर्डर आहे ना, मॅडम."

"ऑर्डर एकदा भरून होत नाही?"

"होते. पण त्यातले फुटतात, त्यांची भरपाई नको का करायला?"

"फुटतात का?"

साहेब बोलणार तेवढ्यात मागून एक बाई बोलली, "संध्याकाळी उचलत्यात म्हून." आणि सगळे हसले. उत्तर फिरून जिथून निघालं तिथंच येऊन बसलं होतं. घाई करतो म्हणून फुटतात, फुटतात म्हणून घाई करतो, आणि घाईसाठी सिमेंट ओततो. ठेकेदाराचे इंजिनिअर एकमेकांकडे बघायला लागले. साहेबही हसत होते. त्यांना वाटलं, आता संपलं. उचल बंद करू, कागदावर लिहू, चहा सांगू.

"ही रीत कधीपासूनची?" मी विचारलं.

"जुनी आहे. आधीपासूनची."

"माझा भाऊ गेला त्या दिवशी होती?"

हसणं थांबलं. प्रशिक्षकानं माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्याला माहीत नव्हतं मी कुणाची कोण.

"होती," साहेब म्हणाले.

"मग तो स्लॅब कच्चा होता?"

"मॅडम, हा विषय..."

"मी नाव घेत नाही. पद्धत विचारतेय. कच्चा होता का?"

"होता."

"माझा भाऊ कुठं उभा होता?"

त्यांनी क्रेनवाल्याकडे पाहिलं. क्रेनवाला त्यांच्या डोळ्यांत बघत होता. सगळं आवार त्यांच्याकडे बघत होतं, आणि त्या सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"जागेवर होता," ते म्हणाले. "दोरीवर. त्याच्या जागेवर."

"उचलायचं कसं ठरलं?"

मिक्सर बंद होता, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीतली गाणी ऐकू येत होती.

"मी सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर माझ्या आत काहीतरी सैल होईल. तसं काही झालं नाही. भूक उलट वाढली. "आता हे आमच्या घरी येऊन सांगा," मी म्हणाले. "तुम्ही आला होतात तसेच या."

ठेकेदाराच्या माणसांसमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही. उचल त्याच दिवशी बंद झाली. प्रशिक्षकानं जाताना मला हळूच सांगितलं, "बेटा, ही पद्धत यासाठी नाहीये." मी म्हणाले, "मला माहीत आहे, सर." तो चांगला माणूस होता. मी त्याचं हत्यार वापरलं आणि मला त्याबद्दल काही वाटत नाही.

साहेब रविवारी आले. तीच चटई, तेच बूट दाराबाहेर. वाटेत त्यांनी तयारी केली असावी. "परिस्थिती", "त्या वेळचं प्रेशर" असं बरंच बोलून शेवटी मूळ गोष्ट बोलले. अब्बांनी त्यांना मध्ये कुठं तोडलं नाही. सगळं झाल्यावर विचारलं, "म्हंजी माझं पोरगं हुबं कुठं हुतं?"

"जागेवर होतं, चाचा."

"ऱ्हावं तिथं?"

"हो."

"आन् तुम्ही मला सांगितलं, बेसावध हुतं."

साहेबांनी हात जोडले. "माफ करा, चाचा. मला फार दिवस खात होतं ते."

अब्बांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मला भीती वाटली, की आता हे माफ करतील. आमच्याकडे घरी चालत आलेल्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत. चहा उकळत होता. मी तो मुद्दाम गाळला नाही.

अब्बा उठले, खुंटीवरची टोपी घातली, काठी घेतली. "चला, साहेब."

"कुठं, चाचा?"

"स्टेशनाव."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या.

टपरीवर बैठक बसलेली होती. अब्बांनी साहेबांना बाकड्यासमोर उभं केलं. "ह्ये माझ्या पोराचे साहेब. ह्यांना तुमास्नी काय तरी सांगायचंय."

साहेब पुटपुटले.

"आवाज काढा, साहेब," एक म्हातारा गँगमन म्हणाला. "रेल्वेनं कान खाल्ल्यात आमचं."

साहेब मोठ्यानं बोलले. सगळं बोलले. आप्पांनी विडी विझवली. न्हावी म्हणाला, "आरं तिच्या! आन् आम्ही इतकी वर्सं ह्या म्हाताऱ्याचं खरं मानून त्या पोराला नावं ठिवली व्हय?"

"व्हय," अब्बा म्हणाले. "म्याच सांगितलं तुमाला. आता त्यांनी उलटं सांगाया पायजे." आणि साहेबांचा दंड धरला, अगदी आदरानं, पाहुण्याला धरावा तसा. "चला. फुलवाल्याकडं."

फुलवाल्यानंतर सायकलच्या दुकानात. मग पिठाच्या गिरणीवर, तिथं जातं बंद करायला लावून. गिरणीतल्या एका बाईनं सगळं ऐकून साहेबांच्या पायाजवळ पीठ झटकलं आणि म्हणाली, "तुमाला लेकरं हायेत का हो?" साहेबांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. त्यांच्या शर्टाला घामानं पाठीवर नकाशा उमटला होता. मी दोन पावलं मागे होते. दर दुकानात त्यांचं वाक्य लहान होत होतं. 'परिस्थिती' गळली, 'प्रेशर' गळलं. गिरणीपर्यंत एवढंच उरलं होतं: "स्लॅब कच्चा होता, मी उचलायला लावला, पोरगं जागेवर होतं." इतकं नेमकं ते कुठल्या मिटिंगमध्ये बोलले नव्हते.

गिरणीबाहेर ते थांबले. "चाचा, आता पुरे. माझा घसा बसला."

"पुरं कसं?" अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तवा तुम्ही एका घरात सांगितलं. गावभर पोचवायचं काम म्या केलं, पाय दुखूस्तवर. आता ह्ये तुम्ही पोचवा. म्या नुसता सोबत हाय."

"पाणी तरी..."

"देतील की कुनीबी. आपल्या गावात पान्याला कुनी न्हाई म्हनत न्हाई. आदी सांगा, मग मागा."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, काहीतरी मागितल्यासारखं. मी एक शब्द बोलले असते तर अब्बा थांबले असते. मी बोलले नाही. ते दोघं पुढं निघाले, म्हातारा काठी टेकत आणि साहेब त्याच्या चालीनं. आता अब्बाही नाहीत, आणि त्या संध्याकाळसारखे ताठ चालताना मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही. फाटक पडलेलं होतं, मालगाडी जात होती. ती जाईपर्यंत आम्ही तिघं शेजारी शेजारी उभे राहिलो. रुळांच्या पलीकडचं गाव अजून बाकी होतं.